टाळेबंदी : कंपनी बंद पडली की बंद पाडली?

नव्वदच्या दशकात पिंपरी-भोसरीकडे कामगारांचे बरेच फोटो काढले होते, आता निगेटिव्ह स्कॅन करतोय. एका फोटोखाली लिहिलं, 'टाळेबंदी, दुपारची पाळी'. भाचीने वाचलं आणि म्हणाली, मामा एकाच्याही तोंडाला मास्क कसा नाही? २०२० नंतर टाळेबंदी म्हणजे लॉकडाऊन एवढंच उरलंय का? दुसरा शब्द सुचवा.

--

दुसरा कशाला, हाच कामगारांचा जुना शब्द आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं लॉकआउट म्हणजे टाळेबंदी. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांत झाला तो संप. ले-ऑफ अजून वेगळा, नाव हजेरीपटावर राहतं, काम नसतं, हातात साधारण निम्मा पगार. करोनात पेपरवाल्यांनी लॉकडाऊनला आपला शब्द उसना नेला तो परत केलाच नाही :)

आणि गंमत बघा, घराला कुलूप लागतं, कंपनीला मात्र टाळं. आपल्याकडे एरवी टाळं कोण म्हणतं?

--

बरोबर. पण 'कंपनी बंद पडली' असं कुठे लिहू नका हं. आमचे बाबा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन घरी बसले होते, कोणी असं म्हटलं की भडकायचे, बंद पडायला ती काय स्कूटर आहे का, केली म्हणा, मालकाने बंद केली. मॅनेजमेंटची माणसं म्हणणार युनियनने बंद पाडली, आणि ज्यांचं काही गेलं नाही ते सगळे म्हणतात पडली. एका कान्याचा फरक, पण त्यावरून आमच्या चाळीत लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

'कारखाना'पण नको, पुण्यात कारखाना म्हटलं की ऊसच आठवतो. कंपनीच लिहा.

--

दादा पटलं. फोटो मोठा करून परत बघितला, गेटच्या साखळीला दोन कुलपं आहेत (टाळीच म्हणतो आता). टाळेबंदी ठेवतो, पुढे साल टाकतो. आणि भाचीला मास्क नाही तर तो सायकलच्या हँडलला अडकवलेला डबा दाखवतो, दुपारच्या पाळीचा म्हणजे तसाच भरलेला घरी गेला असणार.