पुण्यातील गोखले संस्था गोखल्यांच्या पश्चात कशी निघाली?

गुहागरकर :
नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे जन्मगाव कोतळूक आमच्याच तालुक्यात असल्याने जयंतीला मुले त्यांच्यावर भाषणे करतात. यंदा एका मुलीने विचारले, "गोखले १९१५ साली वारले, मग त्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था १९३० ची कशी?" मला उत्तर देता आले नाही. ती कोणी काढली, तिथे काय काम चालते आणि कोकणाला त्याचा काय उपयोग, हे कृपया सांगावे.

दापोलीचा वाचक :
गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजाने रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून ही संस्था उभी केली आणि गुरूचे नाव तिला दिले. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ १९६६ पर्यंत त्या पदावर होते. पुस्तकातले सिद्धांत घोकण्यापेक्षा माणसे पाठवून मोजून यावे, ही त्यांची रीत. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी आणि गोदावरी-प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या फायद्याचा हिशेब ही कामे त्याच रीतीची. पुढे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर लिहिताना माणशी रोज २२५० उष्मांकांचे अन्न हा आधार धरला आणि १९६०-६१ च्या भावाने त्यासाठी खेड्यात महिना १५ रुपये, तर शहरात साडेबावीस रुपये खर्चाची मर्यादा ठरवली. संस्थेला १९९३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे आता अनेकांना ती केवळ कॉलेज वाटते.

रत्नागिरीचा बागायतदार :
उपयोगाचे विचारलेत म्हणून सांगतो. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत, १९३३ साली, पुण्यातील फळबाजाराची पाहणी आहे. गेल्या मोसमात माझ्या पेट्यांची पट्टी, म्हणजे दलालाकडचा विक्रीचा हिशेब, आली, तीत दलाली, हमाली आणि मोटारभाडे वजा जाऊन उरलेला आकडा मी दोनदा वाचला, कारण फळ माझे असूनही भाव कसा ठरला हे त्या कागदावर कुठेच नव्हते. ते उघड करायचे तर बाजारात उभे राहूनच नोंदी घ्याव्या लागतात.

राजापूरकर :
माझी मात्र एक तक्रार आहे. दांडेकर यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्यातील प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि जिल्ह्यांचा अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. परंतु १९९४ साली विभागवार विकासाकडे पाहणारी वैधानिक विकास मंडळे आली तेव्हा विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि कोकण गेले 'उर्वरित महाराष्ट्रात', म्हणजे ऊसवाल्या जिल्ह्यांच्या पंक्तीला. त्या सरासरीत मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी आमची वाडी कशी दिसणार? दोष मोजणीचा नाही, कोणाबरोबर मोजले त्याचा आहे.

गुहागरकर :
सर्वांचे आभार. मुलीला उत्तर कळवले. आता तिला गावातील कुलूपबंद घरे मोजायची आहेत. गणपतीत उघडणारे घर बंद धरावे की चालू, असे तिने मलाच विचारले आहे.

दापोलीचा वाचक :
तिसरा रकाना करायला सांगा.