रानडे उच्च न्यायालयात इतक्या उशिरा का पोहोचले?

प्रश्न : महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यात प्रथम वर्ग सबजज्ज (दुय्यम न्यायाधीश) झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले ते थेट १८९३ साली, वयाच्या ५१व्या वर्षी. त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेले काशीनाथ त्र्यंबक तेलंग मात्र १८८९ मध्येच त्या पदावर बसले होते. सरकारी रोषामुळेच रानडे मागे राहिले, असे म्हणता येईल का?

प्रतिसाद १ : रोष होता, यात शंका नाही. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत रानड्यांना धुळ्याला धाडले आणि तिथे त्यांचे टपाल फोडून वाचले जाऊ लागले. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना पत्रेही येत. रानडे ती तशीच पोलिसांकडे पाठवून देत, त्यामुळे सापळा असलाच तरी तो फुकट गेला.

प्रतिसाद २ : धुळ्याची हकीकत खरी, पण तेवढ्याने चौदा वर्षांचा हिशेब लागत नाही. १८८१ साली याच सरकारने त्यांना मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट केले आणि पुढे कायदेमंडळातही घेतले. मला खरी अडचण जागेची वाटते. १८६१च्या उच्च न्यायालयांच्या कायद्याप्रमाणे किमान एक तृतीयांश न्यायमूर्ती बॅरिस्टर आणि तितकेच सनदी नोकरीतले असावे लागत. उरलेल्यांत एतद्देशीय माणसाला सरकार किती वाव देणार? नानाभाई हरिदास १८८९ मध्ये वारले तेव्हा तेलंग आले, आणि तेलंग १८९३ च्या सप्टेंबरात, अवघ्या ४३व्या वर्षी गेले तेव्हा रानडे. मित्राच्या मृत्यूने रिकामी झालेली खुर्ची त्यांना मिळाली, हे विसरू नये.

प्रतिसाद ३ : वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी स्वतः तालुका न्यायालयात वकिली करतो, म्हणून मला त्या मधल्या वर्षांचेच अधिक अप्रूप वाटते. कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी केलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतल्या सबजज्जांचे कर्जाच्या दाव्यांतले निकाल तपासण्यासाठी विशेष न्यायाधीश असे आणि १८८७ पासून ते काम रानड्यांकडे होते. गावोगाव फिरायचे, सावकाराचे कर्जखत आणि कर्जदार कुळाची जबानी ताडून पाहायची, निकाल चुकला असेल तर फिरवायचा. डोळे अधू असल्यामुळे घरी वाचून दाखवण्याचे काम बरेचसे पत्नी रमाबाईंकडे असे. इतकी खतावणी उलगडून अपिलाच्या बाकावर बसलेला न्यायमूर्ती त्या काळी दुसरा क्वचितच असेल.