वर्षभराचा बायबल तक्ता लेवीयपाशी अडकतो, काय करावं?

तरुणसंघ_सोलापूर
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघात वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा तक्ता वाटतात. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक झपाट्यानं संपतं, लेवीय हे नियमांचं तिसरं पुस्तक आलं की निम्मी मुलं गळतात. टिकलेली विचारतात, "अध्याय संपले, पण देवाची ओळख कुठे वाढली?" काही जण तर मागे पडल्याच्या अपराधीपणात प्रार्थनाही सोडतात. तक्ता बदलायचा की पद्धत? उपदेश नको, रोज सकाळी नेमकं काय करायचं ते सांगा.

शास्त्रपाठी
आधी हिशेब मांडा. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. म्हणजे रोज सव्वातीन. रोज ३ धरले तरी उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ३० दिवस होतात. १ जानेवारीला सुरुवात केली की ३१ तारखेला लेवीय दारात हजर. पण खरी दमछाक त्याआधीच होते. निर्गम २५ ते ३१ मध्ये निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं आहेत आणि ३५ ते ४० मध्ये बहुतेक तेच काम पुन्हा. मुलं तिथंच थकलेली असतात, नाव मात्र लेवीयचं होतं.

नवख्यांना मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, सुरू करा. १६ अध्याय, रोज अर्धा, साधारण महिन्यात संपतं. वेळ २० मिनिटं. उतारा दोनदा वाचायचा, त्यातलं एक वाचन मोठ्यानं. मग वहीत तीन ओळी: इथं देव कसा दिसतो, माणसं कशी दिसतात, आज मी काय करायचं. तिसरी ओळ "प्रेम करावं" अशी मोघम नको. कुणाला, केव्हा, काय ते लिहायचं. शेवटी त्याच उताऱ्यातल्या गोष्टीवरून प्रार्थना. मोबाइलवर वाचत असाल तर नेट बंद.

उदाहरण, मार्क १:३२-३८. संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, आणि पहाटे अंधारातच येशू एकांतात प्रार्थनेला गेलेला. शिष्य शिमोन शोधत येतो: सगळे तुला शोधताहेत. उत्तर येतं, दुसऱ्या गावांत जाऊ. घाईत वाचलं तर "पहाटे उठावं" एवढंच हाती लागतं. दुसऱ्या वाचनात लक्षात येतं की काल जिथं नाव झालं तिथंच थांबायचं नाही, हा निर्णय प्रार्थनेच्या पाठोपाठ आलाय.

जुनाकरार_प्रेमी
मार्क ठीक, पण लेवीय टाळायची सवय लावू नका. त्याचा आराखडा मुलांना आधी द्या: १-७ अर्पणं, ८-१० याजकांची स्थापना, ११-१५ शुद्ध-अशुद्ध, १६ प्रायश्चित्ताचा दिवस, त्यापुढे पवित्र जगण्याचे नियम. सोळावा अध्याय नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ९ आणि १० अध्यायांशेजारी ठेवून वाचा, वधस्तंभाचा अर्थ उलगडतो. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा मुळात लेवीय १९:१८ मध्येच आहे. हे कळल्यावर चेहरे बदलतात.

दुसरा घोटाळा एकटं वचन उचलण्याचा. यिर्मया २९:११ (तुमच्या हिताच्याच योजना माझ्या मनात आहेत, असं देव म्हणतो) चे स्टेटस सगळ्यांच्या मोबाइलवर, पण १० वं वचन कुणी वाचत नाही. ते पत्र बाबेलला नेलेल्या बंदिवानांना आहे आणि त्यात परतीसाठी ७० वर्षांची मुदत आहे. "पुढच्या महिन्यात नोकरी लागेल" असा अर्थ काढला की नोकरी न लागल्यावर विश्वास डळमळतो, आणि दोष देवावर जातो. कुठलंही वचन पाठ करताना मागचा-पुढचा परिच्छेद वाचायचाच.

निर्मळकर_वसई
आम्हा कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तकं, तेव्हा तक्ता आणखी लांब! सकाळचं वरती सांगितलंय, मी रात्रीचं सांगतो. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी घालून दिलेली आत्मपरीक्षा, १०-१५ मिनिटं पुरे. आधी दिवसाबद्दल आभार. मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून कृपा मागणं. मग उठल्यापासून तासातासानं दिवस डोळ्यांपुढून नेणं, त्यानंतर क्षमा, शेवटी उद्याचा निर्धार. लोक पहिली पायरी गाळून थेट चुकांवर येतात. मग ती स्वतःला झोडपण्याची वेळ होऊन बसते. उरकायचंच असेल तर शेवटून उरका, आभार गाळू नका.

तरुणसंघ_सोलापूर
आभारी आहे. मन लागतच नाही, शब्द सुचत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना काय सांगू?

शास्त्रपाठी
स्तोत्र १३ द्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच साच्यात प्रत्येकानं स्वतःची सहा वाक्यं लिहायची. तक्रारीची वाक्यं गाळू देऊ नका. दाविदाच्या नावावरचं स्तोत्र तिथूनच सुरू होतं.

निर्मळकर_वसई
इग्नेशियस यांचाच नियम: मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं. २० मिनिटं ठरली असतील तर त्या दिवशी २१. आणि मागे पडलेले अध्याय भरून काढायला लावू नका, आजच्या तारखेचंच वाचू द्या.