विंडोजच्या पोटातलं लिनक्स: यावर शिकता येतं का?

टर्मिनलवेडा (धागाकर्ता):
हल्ली कोणी "लिनक्स शिकायचंय" म्हटलं रे म्हटलं की उत्तर ठरलेलं: डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) टाक, एका कमांडमध्ये उबुंटू हे तयार लिनक्स हजर. माझा याला विरोध आहे. यातून बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप करायच्या, चार कमांड येतात, लिनक्स येत नाही. पार्टिशन पाडणं (डिस्कचे भाग करणं), बूटलोडर (मशिन सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम) बसवणं, एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एक अक्षर चुकलं म्हणून मशिन अर्ध्यात अडकणं, ही खरी शाळा. ती इथे विंडोजने परस्पर उरकून टाकलेली असते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोसुद्धा मायक्रोसॉफ्टने बांधून दिलेला! पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. ड्युअल बूट करा (एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी), नाहीतर निदान व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशिनच्या आत आभासी मशिन बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पहिल्यापासून इन्स्टॉल करा.

काळी_खिडकी:
साफ असहमत. काय शिकायचंय ते आधी ठरवा ना. ज्याला आपला पायथनचा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालेल तसाच घरच्या मशिनवर चालवून बघायचाय, त्याने बूटलोडरशी कुस्ती का खेळावी?

आणि "खरं लिनक्स नव्हे" हा आक्षेप २०१६ च्या पहिल्या डब्ल्यूएसएलला ठीक होता. त्यात लिनक्सचा कर्नल नव्हताच. प्रोग्रॅमने सिस्टिम कॉल केला (कर्नलकडे काही काम मागितलं) की विंडोज तो आपल्या पद्धतीने भागवायचं. म्हणून डॉकरचं (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं) इंजिन त्यात धड चालत नसे. २०२० मध्ये आलेल्या डब्ल्यूएसएल २ मध्ये अस्सल कर्नल आहे, हलक्या व्हर्च्युअल मशिनमध्ये चालणारा. २०२२ पासून सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम, तोसुद्धा चालतो. म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणं, लॉग वाचणं सगळं इथेच शिकता येतं.

टर्मिनलवेडा:
कर्नल अस्सल, मान्य. पण मग ते व्हर्च्युअल मशिनच झालं की! सरळ व्हर्च्युअलबॉक्स घ्या. स्नॅपशॉट मिळतो, बिघडलं तर मागे जाता येतं. शिवाय डब्ल्यूएसएल निम्मी रॅम खातं. ८ जीबीच्या मशिनवर ब्राउझर उघडायचा की नाही?

आठ_जीबीवाली:
निम्मी रॅम ही कमाल मर्यादा आहे हो, आल्या आल्या गिळत नाही. पण टास्क मॅनेजरमध्ये व्हीएममेम (डब्ल्यूएसएलने घेतलेली रॅम या नावाने दिसते) फुगत जातं हे खरं, कारण वाचलेल्या फायली लिनक्स कॅशमध्ये धरून ठेवतं. युजर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून मर्यादा ३ जीबी घातली, डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून परत चालू केलं, तेव्हापासून शांतता आहे.

मला खुपतं ते डिस्कचं. आतलं सगळं एका व्हीएचडीएक्स फायलीत, म्हणजे आभासी डिस्कच्या फायलीत, असतं. ती वाढते, पण आतला कचरा पुसला तरी आपणहून आकसत नाही. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडने आवळावी लागते. याबद्दल कोणी सांगतच नाही.

सरळसोट:
तुमचं भांडण चालू द्या, पण नव्या माणसाची पहिली चूक वेगळीच असते. मीही केली. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवला आणि लिनक्समधून एमएनटी-सी या वाटेने (लिनक्सला सी ड्राइव्ह याच फोल्डरमध्ये दिसतो) चालवला. एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची लागणारी पॅकेजं उतरवणं) संपता संपेना. आठवडाभर डब्ल्यूएसएलला शिव्या घातल्या. दोष माझाच: त्या वाटेने गेलं की प्रत्येक फाइल ९पी नावाच्या प्रोटोकॉलमधून ये-जा करते, आणि ती पॅकेजं जातात त्या नोड-मॉड्यूल्स फोल्डरमध्ये बारक्या फायलींचा नुसता भुगा असतो. तोच प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्ये हलवला आणि काम चुटकीसरशी झालं. फाइल बदलली की सर्व्हर आपोआप रीलोड व्हायला हवा, तेही तेव्हाच सुरू झालं. लिनक्समधल्या फायली विंडोजमधून बघायच्या तर एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीत पेंग्विन असतोच.

जुनं_खोड:
आम्ही सिगविनवर (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारा जुना संच) दिवस काढले. तिथे लिनक्सचा तयार प्रोग्रॅम चालायचाच नाही, सोर्स आणून नव्याने कंपाइल करा. तेव्हा आजच्या सोयीला नाकं मुरडणाऱ्यांची गंमत वाटते. आणि ड्युअल बूटचं एवढं कौतुक नको. लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. नवखा माणूस दर बूटला घड्याळ दुरुस्त करत बसतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल आणि रिकव्हरी की जपलेली नसेल, तर पार्टिशनला हात लावू नये.

टर्मिनलवेडा:
घड्याळ एका कमांडने सुटतं, आजोबा. :)
कामासाठी डब्ल्यूएसएल, इथपर्यंत मी मागे येतो. पण शिकणारा मोडतोड करणार. करायलाच हवी.

काळी_खिडकी:
मग करू दे की. डब्ल्यूएसएलच्या एक्सपोर्टने आतल्या सगळ्या लिनक्सची एक टार फाइल (गाठोडं) काढायची, आत हवा तो धुमाकूळ घालायचा, मग बिघडलेलं अनरजिस्टर करून (काढून टाकून) टार फाइल इम्पोर्ट करायची. झाला तुमचा स्नॅपशॉट.

टर्मिनलवेडा:
थांबा, इथेच तर गोम आहे. सी ड्राइव्ह आत माउंट झालेला (जोडलेला) असतो. पोराने मुळापासून आरएम, म्हणजे फायली पुसायची कमांड, चालवली तर लिनक्सबरोबर विंडोजमधले त्याचे फोटोही जातील. तुमच्या टार फायलीत ते नसतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, शेअर्ड फोल्डर जोडलं नसेल तर, नुकसान आतल्या आत राहतं.

काळी_खिडकी:
हा मुद्दा बिनतोड. लिनक्सच्या आतल्या डब्ल्यूएसएलकॉन्फ फायलीत ऑटोमाउंट (ड्राइव्ह आपोआप जोडणं) बंद करता येतं, पण ते नवख्याला कोण सांगणार? पहिल्या पोस्टमध्ये तेवढं घाला, बाकी भांडण नंतर.