मदत हवी आहे: जुन्या सिएरा टर्बोचं इंजिन नवं बांधलंय, रनिंग (सुरुवातीचे किमी चालवून रिंगा बसवणं) कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ ची टाटा सिएरा टर्बो डिझेल. जुनी, तीन दारांची, मागं मोठी काच असलेली. १९४८ सीसी, ८३ चा बोअर, ९० चा स्ट्रोक. वडिलांनी हौसेनं घेतलेली, आणि घरात कुणालाच ती विकायची नाही. गेल्या पावसाळ्यापासून ऑइल फार खायला लागली होती. सकाळी सेल्फ मारला की गल्लीभर निळा धूर. शेवटी पूर्ण इंजिन खोललं.

काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं आणि मनासारखं झालं. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंड, बेअरिंगा नव्या, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्हचे गाइड आणि सीट. डिझेलचा पंप आणि नोझल कॅलिब्रेट होऊन आलेत. टर्बोची आतली कार्ट्रिज नवी आहे. ब्लॉक होनिंग (सिलेंडरला आतून बारीक घासणं) होऊन आला तेव्हा मी बॅटरी मारून आत पाहिलं. तिरक्या रेघांची एकसारखी जाळी, वरपासून खालपर्यंत कुठंही तुटलेली नाही. नख फिरवलं तर बारीक खरखर लागत होती. ही खरखर नीट झिजून रिंगा बसायला हव्यात, आणि इथंच माझं अडलंय. इंजिन गाडीत बसलंय, पण अजून सेल्फ मारलेला नाही.

मिस्त्री म्हणतात, पहिले दोन दिवस गाडी जागेवरच आयडलला चालू ठेवा, मग २००० किमी होईपर्यंत चाळीसच्या वर जाऊ नका, टर्बो लागेल इतका पाय तर अजिबात देऊ नका. त्यांच्या हातची इंजिनं वर्षानुवर्षं चाललेली मी पाहिलीत, त्यामुळं त्यांचं बोलणं सहज बाजूला टाकवत नाही. पण मला जे समजलंय ते बरोब्बर उलट आहे. रिंग स्वतःच्या ताणानं सिलेंडरच्या भिंतीवर थोडीशीच दाबली जाते. खरा दाब ज्वलनाच्या वायूचा, तो रिंगेच्या मागं शिरून तिला बाहेर ढकलतो. लोड नाही तर दाब नाही, आणि दाब नाही तर जाळीची टोकं झिजत नाहीत. वर भिंतीवरचं ऑइल भाजून त्याचा चकचकीत पापुद्रा धरतो. एकदा असं ग्लेझिंग झालं की रिंगा बसायचं नाव घेत नाहीत, म्हणजे परत खोला आणि परत होनिंग करा.

दुसऱ्या बाजूला टर्बो. त्याची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. ऑइल पोचायच्या आत रेस दिली तर बुश, म्हणजे शाफ्टचं बेअरिंग, गेलाच. आता रिंगांसाठी लोड द्यायचा म्हटलं की बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, येणारच. रिंगा बसवायच्या आणि नवी कार्ट्रिजही जपायची, हे दोन्ही एका वेळी कसं साधतात?

पहिला सेल्फ कसा मारायचा, ऑइल कुठलं आणि ते कधी बदलायचं, तेही सांगा. आणि रस्ता कुठला? गगनबावडा रोड डोक्यात आहे, पण सध्या उसाच्या ट्रॉल्या आहेत. हायवेला कागलपर्यंत रुंदीकरणाची वळणंच वळणं. पन्हाळ्याचा चढ सुरुवातीला चालेल का?

अनुभव पेट्रोल गाडीचा असेल तर तसं लिहा, डिझेलला सगळंच लागू होत नाही.

शिरोली_फिटर:
भावा, सेल्फची घाई करू नको. टर्बोची वरची ऑइल पाइप सोड, भोकातून स्वच्छ ऑइल ओत आणि कॉम्प्रेसरचं चाक बोटानं हळू फिरव, म्हणजे बुशात ऑइल शिरतं. पंपाला डिझेल बंद करणारा कट-ऑफ सोलेनॉइड असेल तर त्याची वायर काढून ठेव. चारही हीटर प्लग काढलेस तर कॉम्प्रेशन राहत नाही, इंजिन हलकं फिरतं आणि कोरड्या बेअरिंगवर मार बसत नाही. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मार, स्टार्टर गार होऊ दे, परत मार. प्रेशरचा दिवा विझल्यावरही थांबू नको. टर्बोची पाइप सैल ठेवून खाली फडकं धर, तिथून सलग ऑइल यायला लागलं की मगच टाइट कर.

आणि रिटर्न पाइप बघ. ती सरळ खाली उतरती हवी, कुठं दबलेली नको. टर्बोत ऑइल प्रेशरनं जातं, पण परत येतं ते फक्त स्वतःच्या वजनानं. तिथं अडलं की ते सीलमधून बाहेर पडतं, निळा धूर येतो, आणि लोक रिंगा बसल्या नाहीत म्हणून चांगलं इंजिन खोलतात. फ्लँजला सिलिकॉन लावू नको, गॅस्केटच घाल. सिलिकॉनचा सुटलेला तुकडा ऑइलच्या वाटेत जाऊन बसतो.

जुन्या टर्बोनं ऑइल फेकलं असेल तर हवेच्या सगळ्या पाइपा आतून धुऊन वाळवून घे. साचलेलं ऑइल आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

टेस्टबेड_निवृत्त:
मी इथल्याच एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात टेस्टिंगला होतो. तुमच्या मिस्त्रींना भीती कशाची आहे ते आधी समजून घ्या. टाइट बांधलेलं इंजिन तापलं की पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरात जाम होतो. ही भीती खरी आहे, पण आयडल हा तिच्यावरचा उपाय नाही. आमच्याकडं इंजिन बांधून आलं की डायनॅमोमीटरला, म्हणजे इंजिनावर हवा तेवढा लोड टाकणाऱ्या यंत्राला, जोडायचो. थोडा वेळ बिनलोड, तेवढ्यात गळती, प्रेशर आणि आवाज बघून घ्यायचा. मग पाव लोड, अर्धा, पाऊण, असा चढवत न्यायचा. तासन्‌तास बिनलोड चालवायचं असं काही नव्हतं. तुमच्याकडं डायनो नाही, पण रस्ता आहे.

चालू झाल्यावर १२००-१५०० आरपीएमवर ठेवून दहाएक मिनिटं सगळीकडं नजर फिरवा. पाणी गरम झालं की थेट रस्त्याला लागा. तिसऱ्या-चौथ्या गिअरात १८०० पासून अर्धा पाय देऊन ३००० पर्यंत चढू द्या, मग पाय सोडून गिअरातच खाली येऊ द्या. असं करत राहा, मध्ये चार-पाच किमी सावकाश चालवून गार होऊ द्या. शंभरेक किमी झाले की पाय थोडा वाढवा. एकाच वेगावर तासभर ओढू नका. आणि १३०० ला पाचवा टाकून रेटू नका, त्यानं नव्या बेअरिंगांवर थेट घाव बसतात.

बूस्ट आला तर येऊ द्या. बूस्टनं टर्बो मरत नाही. घाणेरडं ऑइल, उशिरा पोचलेलं ऑइल आणि तापलेली गाडी झटकन बंद करणं, यांनी तो मरतो. गाडी थांबवल्यावर दोन मिनिटं आयडल द्या, नाहीतर शाफ्टपाशी अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. आयडलचं खरं काम तिथं आहे.

ऑइल डिझेलचं साधं मिनरल, १५डब्ल्यू-४०. सिंथेटिक नंतर बघू. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५० ते १०० किमीतच काढा, दुसरं ५०० ला. काढलेला फिल्टर कापून कागद उन्हात उलगडून बघा. करडी, पिठासारखी भुकटी रिंगांची, ती येणारच. चमचमणारे कण किंवा तांबूस झाक दिसली तर गाडी तिथंच उभी करा. हेडचे बोल्ट परत टाइट करायचे का, हे गॅस्केट कुठल्या जातीचं आहे त्यावर ठरतं, पाकिटावर बघा.

निपाणीकर:
माझा अनुभव पेट्रोलचा. पेट्रोलला पाय सोडला की थ्रॉटल बंद होऊन सिलेंडरात व्हॅक्यूम होतो, रिंगांपाशी ऑइल खेचलं जातं आणि झिजलेले कण धुऊन निघतात. डिझेलला थ्रॉटल नसल्यामुळं तेवढं होणार नाही, पण पिस्टन आणि रिंगा गार व्हायला अवधी मिळतो, तो फायदा आहेच.

रस्ता गगनबावड्याचाच धरा. बालिंगा सोडलं की कळ्याच्या पुढं पाय वरखाली करायला चांगला वाव आहे. फक्त उजाडल्यावर निघा. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. पन्हाळ्याचा वाघबीळनंतरचा चढ पहिलं ऑइल बदलल्यावर करा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून. आमचा तवंदी घाट भरल्या गाडीनं चढायचं मात्र ५०० किमीनंतरच बघा.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा टेस्टबेडचा मुद्दा मिस्त्रींना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, लोड द्या, पण पहिल्या फेरीला मी शेजारी बसणार. मला तर तेच हवं होतं. रिटर्न पाइप काढून पाहिली, एका जागी चेपलेली निघाली. नवी मागवलीय, ती आल्याशिवाय सेल्फ नाही.

आणखी एक शंका. पंप कॅलिब्रेट करणाऱ्यानं "पिकअप यावा म्हणून डिझेल जरा वाढवून दिलंय" असं सांगितलंय. रनिंग संपेपर्यंत हे असंच ठेवलं तर चालेल का?

टेस्टबेड_निवृत्त:
नाही चालणार. पेट्रोल गाडीत इंधन वाढवून मिश्रण घट्ट केलं की ज्वलन थंड होतं, डिझेलला उलट. जितकं जास्त डिझेल तितका एक्झॉस्ट गरम. नव्या पिस्टनच्या माथ्याला आणि टर्बाइनला ती उष्णता सोसावी लागते, वर न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुतं आणि काजळी ऑइलात उतरते. पाय दाबल्यावर काळा धूर निघाला म्हणजे माप जास्तच आहे. पंप परत बेंचवर चढवून कंपनीच्या मापाला आणायला सांगा. चारही लाइनींच्या रीडिंगचा कागद मागून घ्या आणि त्याचा फोटो इथं टाका, मी बघून सांगतो.