पलाझो, डंगरी, कूत्युर : इंग्रजीला हे शब्द हवेत का?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिच्या इंग्रजी वाचनात जेगिंग्ज, अ‍ॅथलेझर, कूत्युर असले शब्द येतात. साध्या शब्दांत सांगता येत असताना इंग्रजीने हे नखरे डिक्शनरीत कशाला घ्यावेत?

उत्तर : दादा, माझं दारव्हा तालुक्यात शिलाईचं काम आहे, त्यामुळे मला हे नखरे वाटत नाहीत. कात्री जिथे वेगळी चालते तिथे शब्दही वेगळा लागतो. परवा एक बाई कापड घेऊन आली. "सलवार नोको, पायाले चिकटते ते तं नोकोच," म्हणत हातानं घेर दाखवत राहिली. तिची पोरगी म्हणाली, "आई, पलाझो म्हण ना." लगेच कळलं : पायाची मोहरी, म्हणजे खालचा घेर, मोठी, कमरेला इलास्टिक. जेगिंग्जचंही तेच. दिसायला जीन्स, अंगाला लेगिंग. दोन शब्द जोडून एक केला, तर काय बिघडलं?

अ‍ॅथलेझर म्हणजे व्यायामाचे कपडे रोजच्या वापरातही घालणं. त्याबद्दल मी आधी साशंक होते, कारण त्यात कट वेगळा नाही. पण आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पहाटे ज्या ट्रॅकपँटवर धावतात, त्याच घालून बाजारात जातात. रीत नवी आहे, तर तिला नाव हवं. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने तो शब्द २०१६ साली घेतला, ते बरोबरच केलं.

कूत्युरवर मात्र माझा जीव आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शिवणकाम! 'ओत कूत्युर', म्हणजे उच्च दर्जाचं शिवणकाम, या नावाला फ्रान्समध्ये १९४५पासून कायद्याचं संरक्षण आहे; गिऱ्हाइकाच्या मापानं, कारागिरांच्या हातून शिवलेलं हवं. इंग्रजीत तोच शब्द तयार कपड्यांनाही चिकटवतात, हे मला खुपतं. शब्द ठेवा, पण त्यातली मेहनत काढून घेऊ नका.

आणि इंग्रजीने दार लावलं असतं तर आपलीच डोंगरी बाहेर राहिली असती. मुंबईच्या डोंगरी भागावरून तिथल्या जाड्याभरड्या कापडाचं नाव १७व्या शतकात इंग्रजीत गेलं, मग त्या कापडाच्या कपड्याला लागलं. आज लेकरासाठी दुकानात आपण 'डंगरी' मागतो, ती हीच. पायजमा, कमरबंदही असेच गेले.

आणखी एका वाचकाचं उत्तर : शिलाईवाल्या ताईंचं पटलं. मी भंडाऱ्याकडचा. आमच्या टसर रेशमाच्या साडीचे काठ करवतीच्या दातांसारखे असतात. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य लागतं, म्हणून मी भाषांतर न करता 'करवतकाठी' असंच लिहितो.