प्रोस्टेट काढल्यावर गोळीचा उपयोग होत नाही, पुढे काय?

प्रश्न
यजमानांचे वय ६१. कॅन्सरमुळे प्रोस्टेट पूर्ण काढली. दोन्ही बाजूंच्या नसा वाचवल्याचे सर्जन सांगतात. अडीच महिने झाले, सिल्डेनाफिल ५० ने काहीच होत नाही. नसा शाबूत असतील तर ताठरता का नाही? लिंगावर लावायचा व्हॅक्यूम पंप कसा वापरतात? ते आता जवळ यायचेच टाळतात, त्याची जास्त काळजी वाटते.

उत्तर १
ताई, नसा वाचल्या म्हणजे कापल्या गेल्या नाहीत, इतकेच. त्या प्रोस्टेटला दोन्ही अंगांनी चिकटून जातात. सोडवताना ताण बसतो आणि पुढे कित्येक महिने त्या बधिर राहतात. सावरायला ६ ते २४ महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. सिल्डेनाफिल नसेकडून आलेला संदेश फक्त वाढवते. मुळात संदेशच क्षीण असेल तर वाढवणार काय? म्हणून अडीच महिन्यांत गोळी लागू पडली नाही, यावरून पुढचे काही ठरत नाही.

गोळी उपाशीपोटी, तासभर आधी घ्यावी. तेलकट जेवणावर घेतली तर असर उशिरा होतो आणि कमीही. स्पर्श, उत्तेजना लागतेच. १०० चा डोस किंवा रोज टाडालाफिल ५, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा कोणतेही नायट्रेट चालू असेल तर यातली एकही गोळी नको. रक्तदाब एकदम कोसळतो.

उत्तर २
पंपाबद्दल. झोपेत आपोआप येणारी ताठरता थांबली की आतल्या पेशींना प्राणवायू कमी मिळतो, त्या आक्रसतात. पंपाने निदान रक्त खेचले जाते. नस सावरेल याची हमी पंप देत नाही, पण संबंधासाठी ताठरता बहुतेकांना मिळवून देतो.

दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या. मुळाशी केस कापा, नळीच्या कडेला पाण्यात विरघळणारी जेली लावा, नळी अंगाला घट्ट टेकवा. दोन-तीन वेळा दाबा, थांबा, पुन्हा दाबा. घाई केली की कातडीवर लाल ठिपके उठतात. अंडकोशाची कातडी आत ओढली जात असेल तर नळी मोठी आहे किंवा कोन चुकतोय. आधी काही दिवस रिंगशिवाय (ताठरता टिकवणारे रबरी कडे) सराव करा. संबंधाच्या वेळी रिंग मुळाशी सरकवा आणि ३० मिनिटांच्या आत काढाच. लिंग थोडे गार, निळसर लागते, मुळाशी डुलते. ते अपेक्षितच आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी विचारा.

उत्तर ३
यजमानांना हे जरूर सांगा: ताठरता नसतानाही परमोच्च सुख मिळू शकते, कारण त्या संवेदनेची नस वेगळी आहे. वीर्य मात्र येणार नाही. ते बनवणाऱ्या ग्रंथीच काढलेल्या असतात. ऐन क्षणी थोडी लघवी निसटू शकते, बरेच पुरुष त्या धास्तीनेच दूर राहतात. आधी लघवी करून घ्या, कंडोम वापरा, श्रोणीतळाचे व्यायाम (लघवी रोखणारे स्नायू आवळणे-सोडणे) रोज चालू ठेवा. सुरुवातीला संभोग करायचाच नाही असे दोघांनी ठरवून नुसता स्पर्श, मालिश, हाताने सुख देणे, एवढेच ठेवा. परीक्षेचे दडपण गेले की माणूस जवळ येतो. पाळी गेल्यानंतर तुम्हालाही कोरडेपणा असेल, तर जेली दोघांसाठी.

उत्तर ४
गोळी आणि पंप दोन्ही जमले नाहीत तर अल्प्रोस्टाडिलचे इंजेक्शन असते. बारीक सुईने लिंगाच्या कडेला देतात, नसेवर अवलंबून नसल्यामुळे आत्ताही चालू शकते. पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा. ताठरता ४ तासांवर टिकली तर थेट कॅज्युअल्टी गाठा, सकाळची वाट पाहू नका. इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने लिंगात कृत्रिम दांड्या बसवण्याचा, विचार सहसा वर्ष-दोन वर्षांनंतर, कारण ते बसवल्यावर मूळची ताठरता परत येत नाही.